तिसऱ्या बेलनंतर आलेला

आधीच सांगते — भूतखेत, भानामती, बाहेरचं-बिहेरचं असलं मी काय मानत नाय. चौकात उतरून टाकलेलं लिंबू दिसलं की लोक वळसा घालून जातेत. मी तसलं लिंबू उचलून घरी नेलंय आन् त्यानं पितळंचा तांब्या घासलाय. चांगला निघाला तांब्या. ज्या बाईला पहाटं नंबर लावून पाणी भरायचंय आन् मंग कामावर जायचंय, तिला भुताला भ्यायला टाइम कुठं?

पण माझ्या लेकाच्या वक्ताला जे झालं, ते मी आजवर कोणाला धड सांगितलं नाय. त्याच्या बायकोलाबी नाय. परवा नात म्हणली, "आजी, तू बोल, मी लिहिते. मोबाइलवरच्या ह्या पानावर लोक असलेच अनुभव देतेत." म्हणून बोलते. मला शाळा दुसरीपर्यंत. जसं बोलते तसंच लिही म्हणलं तिला, सुधरत बसू नको.

माझं माहेर कन्नड तालुक्याकडचं. मालक गेले तवा दत्ता चार वर्षांचा व्हता. त्याला घेऊन औरंगाबादला आले — तवा हेच नाव व्हतं शहराचं. बारा वर्षं बिगारी काम केलं. डोक्यावर विटा वाहून वाहून मधी टक्कल पडलं, ते अजून हाय. मंग एका ओळखीनं विद्यापीठाच्या संगीत विभागात झाडायला लागले. गाणं, तबला, सतार असलं शिकवायचे तिथं. झाडता झाडता दारावर उभं राहायचं कामबी माझ्याकडंच आलं.

खाली मोठा हॉल, आन् वर बैठकीची खोली, गाद्या-तक्के टाकलेली. प्रोग्राम असला की बाहेरचे लोक यायचे. गुलमंडीचे कापडवाले, मास्तर लोक, वकील, म्हातारे-कोतारे. येणारा प्रत्येक जण इकडंतिकडं बघायचा आन् मलाच विचारायचा. दाराशेजारी ही एवढी मोठी पाटी व्हती सगळी माहिती लिहिलेली. पण पाटी कोण वाचतंय? "मावशी, बाथरूम कुठंय?" "मावशी, गाडी इथं लावू का?" "मावशी, किती वेळ चालंल?"

आन् मला तर वाचता येत नव्हतं, दुसरीतलं कवाच इसरले व्हते. मंग दत्तानं एका रविवारी येऊन ती पाटी मला वाचून दाखवली. एकेक ओळ तो वाचायचा, मी मागून म्हणायचे. आरती पाठ करतेत तशी. गाड्या लिंबाखाली. चपला वरच्या खोलीबाहेर काढा, खालच्या हॉलात चालतेत. बायांचं बाथरूम जिन्यामागं, गड्यांचं मागच्या अंगाला. चाकाच्या खुर्चीला उतार उजव्या दारानं. खायचं आत न्यायचं नाय. पिण्याचं पाणी बाहेर, डाव्या हाताला. तिसऱ्या बेलनंतर दार उघडलं जाणार नाही.

दत्ता हसून म्हणला, "आई, आता तूच पाटी झालीस."

ती शेवटची ओळ लई कडक व्हती. पहिली बेल झाली की लोकांनी आत यायचं, दुसरीला बसायचं, आन् तिसरीला मी आतून कडी घालायची. मंग गाणारा एक राग संपवून थांबंस्तोवर दार उघडायचं नाय. कारण ते दार उन्हाच्या तोंडावर व्हतं. उघडलं की उजेडाचा पट्टा सरळ स्टेजवर जायचा. नवीन व्हते तवा एकदा एका बाईच्या विनवण्यांना भुलून मी उघडलं. बाहेरगावचे गाणारे बुवा व्हते, ते गातागाता मधीच थांबले. हात मांडीवर ठेवून बसून राहिले. आमच्या मोठ्या सरांनी मंग मला आत बोलवलं. "मावशी, तुम्ही रोजंदारीवर आहात ना?" एवढंच म्हणले. एवढं बस झालं मला.

त्याच्यानंतर मी कोणालाच सोडलं नाय. गुलमंडीचे एक शेठ व्हते, त्यांना नेहमी उशीर. दाराला मधोमध ताटाएवढी गोल काच व्हती, त्यातून हात जोडायचे. नंतर बाहेर आले की माझ्याशी भांडायचे.

"मावशी, दोन मिनिटं उशीर झाला फक्त!"

"शेठ, तुमचं शटर खाली पडल्यावर गिऱ्हाईक आलं तर उघडता का?"

"उघडतो की! गिऱ्हाईक आहे ते!"

"मी नाय उघडत."

लोक हसायचे. शेठबी हसायचे आन् पुढल्या खेपंला परत उशिरा यायचे.

दत्ताला भजनाचा लई नाद व्हता. कुठं ढोलकी वाजली की तिथं जाऊन बसायचा. शेंद्र्याला नव्या कंपन्या आल्या, तिथं तो एका कंपनीत लागला. लगीन झालं. सुनीता, सून माझी, चांगली निघाली. तिला सातवा महिना लागला व्हता. तर तो मला सारखा म्हणायचा, "आई, मला एकदा तुमच्या हॉलात बसून गाणं ऐकायचंय. सगळ्या शहराला तू आत बसवतीस आन् मीच बाहेर."

खरंच व्हतं. तिथं आपल्यासारख्याला कोण बस म्हणत नाय, मंग मीबी कधी म्हणलं नव्हतं. पण त्या खेपंला दुपारचा प्रोग्राम व्हता, तिकीट नव्हतं, आन् त्याची कंपनी एक वाजता सुटणार व्हती. मी म्हणलं, "ये. मागच्या ओळीत दाराजवळची खुर्ची तुला धरून ठेवते. पण एक ध्यानात ठेव — दोनला तिसरी बेल. उशीर झाला तर दार उघडायची नाय. तू असो का कलेक्टर असो."

"मंग कलेक्टरबरोबरच येतो," म्हणला. डबा घेतला आन् गेला.

आता त्या दिवशीचं बघा.

त्या दिवशी आमच्या टाकीला पाणी नव्हतं. शहरात पाण्याचे हाल कायमचेच, त्या आठवड्यात तर टँकरबी आला नव्हता. सकाळीच सरांनी चिठ्ठी लिहून नळावर चिकटवली. मी दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत व्हते, "आज नळाला पाणी नाय बरं, बाहेर चहाच्या टपरीवर जा." म्हणजे मला म्हाईत व्हतं. हे ध्यानात घ्या. मला पक्कं म्हाईत व्हतं.

पहिली बेल झाली. दत्ता नाय. खुर्चीवर मी माझी पिशवी ठेवली व्हती, एकजण बसायला लागला तर त्याला उठवलं. दुसरी बेल झाली. मी पायरीवर जाऊन फाटकापर्यंत बघून आले. त्याची जुनी लुना व्हती, तिचा आवाज लांबून यायचा. नाय आला. तिसरी बेल झाली. मी कडी घातली आन् स्टुलावर बसले.

आत एक बाई गात व्हत्या. मला रागातलं काय कळत नाय, पण हळूहळू चाललं व्हतं, डोळा लागावा असं. अर्धा तास झाला असंल. नसंल. दाराच्या काचेत अंधारल्यासारखं झालं म्हणून मी मान वर केली — दत्ता.

मी जराबी दचकले नाय. का दचकू? तो येणारच व्हता. मला पहिल्यांदा आला तो राग. म्हणलं, आला बघा, शेठचा भाऊ.

त्याच्या अंगावर कंपनीचा निळा शर्ट व्हता आन् डाव्या अंगाला खांद्यापासून खाली सगळे कुसळं चिकटलेले. गवतातून लोळून उठल्यावाणी. मनात आलं, ह्या अवताराला मी मोठ्या लोकांत कुठं बसवू? तोंड सुकलेलं व्हतं. दार वाजवलं नाय, हाक मारली नाय. काचेतून नुसतं माझ्याकडं बघत व्हता. मंग त्यानं ओंजळ केली आन् तोंडाला लावली.

पाणी.

आन् माझा हात उठला. कडीकडं नाय. माझा हात उठला आन् मी त्याला डावीकडं दाखवलं. दिवसातून शंभर जणांना दाखवते तसं. पिण्याचं पाणी बाहेर, डाव्या हाताला. नळ कोरडा हाय हे त्या टायमाला माझ्या डोक्यातच आलं नाय. डोकं नव्हतंच तिथं, हातच व्हता नुसता. दुसऱ्या हातानं खूण केली — थांब, हे संपू दे.

त्यानं डावीकडं बघितलं. परत माझ्याकडं बघितलं. आन् गेला.

त्याच्या जाण्यात काय वेगळं नव्हतं. धूर नाय, वारं नाय, काय नाय. माणूस जातो तसा गेला. मी परत मान खाली घातली.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या, मी कडी काढून पयली बाहेर पळाले, कारण तवा मला नळाचं आठवलं. म्हणलं, आता बोलंल मला — आई, तू लेकाला कोरड्या नळावर धाडलंस. तिथं पायरीवर वैशाली बसली व्हती. तबला शिकणारी पोरगी, आमच्या कन्नडचीच, म्हणून माझ्याशी दोन शब्द जास्त बोलायची. तीबी उशिरा आली म्हणून बाहेर राहिली व्हती.

"मावशी, ते दादा कोण होते तुमच्याकडचे?"

"माझा पोरगा. कुठं गेला?"

"इथंच होते. नळ सोडून बघितला, पाणी नव्हतं. मी म्हटलं दादा, आज नाही येत, माझ्या बाटलीतलं घ्या. बाटली काढायला पिशवीत हात घातला, वर बघते तर नाहीत. पायात एकच चप्पल होती त्यांच्या… पडले होते का कुठं?"

मी लिंबाखाली जाऊन बघितलं. लुना नव्हती. मागच्या अंगाला बघितलं. टपरीवाल्या चाचाला विचारलं, तो म्हणला, "अम्मा, इधर तो कोई नै आया."

मला काय वाटावं? मला वाटलं रुसला. दार उघडलं नाय, त्यावर कोरडा नळ दाखवला, गेला तणतणत. लहानपणीबी असाच करायचा, जेवण टाकून जाऊन बसायचा कुठंतरी. मी म्हणलं, जाऊ दे, घरी येईल. मी सतरंज्या झाडल्या, खुर्च्या लावल्या, हॉलाचा केर काढला. सिटी बसनं घरी गेले. सुनीतानं विचारलं, "हे कुठंयत?" म्हणलं, येईल. भाकरी टाकायला बसले. हे सगळं करंस्तोवर माझा लेक जिता व्हता.

दिवस मावळताना जीप आली दारात. कंपनीचे दोघं व्हते. दत्ता ट्रकच्या भ्यानं मोठा रस्ता सोडून कच्च्या रस्त्यानं निघाला व्हता. मधी पाइप टाकायला खणलेला खोल चर व्हता, त्यात लुनासकट गेला. पाय गाडीखाली अडकला, मांडीची शीर तुटली. एका म्हाताऱ्या शेळ्यावाल्याला तो दिसला, त्यानं पळत जाऊन माणसं गोळा केली.

आम्ही घाटीत, सरकारी दवाखान्यात, पोचलो तवा संपलं व्हतं. डॉक्टर पोरगंच व्हतं दत्ताच्या वयाचं. खाली बघत म्हणला, "मावशी, दुपारपासून रक्त जात होतं. दोन तास आधी मिळाले असते तर…" मी म्हणलं, बरं.

दत्ताचा निळा शर्ट त्यांनी गठुडं करून माझ्या हातात दिला. डाव्या अंगाला खांद्यापासून खालपर्यंत कुसळं. माझ्या बोटाला टोचले. आन् चप्पल एकच.

शेळ्यावाला म्हातारा तिथंच भिताडाला टेकून बसला व्हता. त्याला जा म्हणलं तरी गेला नव्हता. मी त्याच्यापाशी जाऊन बसले. तो म्हणला, "बाई, मी दोनच्या अगोदर तिथून शेळ्या घेऊन गेलो व्हतो. गाडीचं चाक दिसलं मला चरातून वर आलेलं. म्हणलं कोणाची असंल, बसला असंल कोणी बाजूला. गेलो पुढं. माघारी येताना बघितलं." लई रडला. मंग म्हणला, "जीव व्हता अजून. मी बाटलीतलं पाणी तोंडाला लावलं, तर घेईना. म्हणं — नळाला पाणी नाय. दोन-तीन डाव तेच. नळाला पाणी नाय. मी म्हणलं, लेकरा, ह्या रानात कुठला आला नळ? हे बाटलीतलं पी. नाय प्याला."

मी शर्टाचं एकेक कुसळ काढत बसले.

मागून सुनीता आली. पोट धरून चालत व्हती. तिनं विचारलं, "आत्याबाई, हे गाणं ऐकायला येणार व्हते ना? तुमच्याकडं आले व्हते का?"

मी म्हणलं, "नाय. आलाच नाय."

का म्हणलं ते सांगते. आला व्हता म्हणलं असतं तर तिनं विचारलं असतं, मंग तुम्ही त्याला जाऊ कसं दिलं. आन् ह्याचं उत्तर माझ्यापाशी एकच व्हतं — तिसरी बेल झाली व्हती. त्या बाईला, त्या पोटाला, मी हे सांगू?

महिन्यानं कामावर गेले. न जाऊन कसं भागंल? मंग मी गुपचूप चौकशी केली. मी मानत नाय ना असलं, म्हणून मलाच काहीतरी सरळ कारण सापडावं असं वाटत व्हतं. कंपनीच्या वॉचमनला विचारलं — दत्ता एकच्या ठोक्याला बाहेर पडला व्हता. म्हातारा म्हणतो दोनच्या अगोदर गाडी चरात व्हती. मंग अडीच वाजता काचेत कोण व्हतं? म्हणलं, मलाच भास झाला असंल, वाट बघत व्हते म्हणून. वैशालीला बाजूला घेऊन दत्ताचा लग्नातला फोटो दाखवला. तिनं त्याला आधी कधी बघितलेलं नव्हतं.

"हेच दादा," म्हणली. मंग माझ्या कपाळाकडं बघितलं, कुंकू तर माझ्या कपाळी मालक गेल्यापासूनच नाय, मंग तोंडाकडं बघितलं आन् तिला समजलं. खालीच बसली पोरगी.

मी म्हणलं, "दिवस चुकत असंल तुझा."

"मावशी, चिठ्ठी होती ना नळावर. एकच दिवस होती ती."

मोठ्या सरांना एकदा अर्धवट सांगून बघितलं. नाव दुसऱ्याचं घेऊन. ते म्हणले, मावशी, मनाचे खेळ असतात. असतील. पण मनाचा खेळ एका वेळंला दोघींच्या मनात कसा, आन् त्यातली एक त्याला ओळखतबी नाय? आन् चरात पडलेल्याला माझ्या नळाचं कसं कळलं? हे त्यांना विचारायचं धाडस नाय झालं.

तुम्हाला वाटंल, त्याच्यानंतर ही बाई दार उघडं ठेवत असंल. नाय. पुढं अकरा वर्षं तिसऱ्या बेलला कडी घातली. घरात बाळंतीण व्हती, तान्हं लेकरू व्हतं. फरक एवढाच की स्टूल फिरवून घेतलं. काचेकडं पाठ करून बसायचे. कोणी कितीबी टकटक केली तरी वळून बघितलं नाय. लोक म्हणायचे म्हातारी बहिरी झाली.

दत्ता परत कधी आला नाय. सपनातबी नाय.

हे सगळं मी काल दुपारी नातीला सांगत व्हते, ती लिहून घेत व्हती. सुनीता आतल्या खोलीत मेथी निवडत बसली व्हती. तिला ऐकू जातंय हे मला म्हाईत व्हतं. म्हणूनच आवाज बारीक केला नाय. आता माझे किती दिवस राहिलेत, खोटं घेऊन कुठं जाऊ?

ती उठून दारात आली. मेथीच्या काड्या पदरावर तशाच. मला वाटलं आता ही बोलंल, बोलायलाच पाहिजे. मी ऐकायची तयारी करून बसले व्हते, वीस वर्षांपासूनच बसले व्हते म्हणा.

तिनं मला शिवी दिली नाय. आवाजबी चढवला नाय.

म्हणली, "दार उघडलं नाय त्याचं मला काय नाय, आत्याबाई. कोणीच नसतं उघडलं. पण मी त्या दुपारी घरीच व्हते. एकटी व्हते. दार सताड उघडं व्हतं, उकडत व्हतं म्हणून. माठ भरलेला व्हता." तिनं पदरावरच्या काड्या झटकल्या. "त्यांना पाणीच पाहिजे व्हतं, तर ते माझ्याकडं का नाय आले?"

नातीनं लिहायचं थांबवलं आन् माझ्याकडं बघितलं. काय लिहू म्हणून.

मी तिला म्हणलं, हे असंच लिही. ह्याचं उत्तर आजीला येत नाय म्हणावं.